मागचं मडगार्ड
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला आमच्या दारातली गंजकी सायकल आठवते. ती मूळची आत्याची, आणि दहावीला मी तिच्यावरूनच क्लासला जायचे. पप्पा दर रविवारी रॉकेलनं चेन पुसायचे, तेल सोडायचे, ब्रेक आवळायचे. मागचं मडगार्ड तेवढं कायम खडखडायचं. मी गल्लीत शिरले की समोरच्या काकू ओरडायच्या, "आली बघा की बँडबाजा घेऊन!" आणि मी मान खाली घालायचे. एका दुपारी मी जुन्या चादरीची पट्टी फाडून मडगार्ड घट्ट बांधलं आणि क्लास सुटल्यावर घरी न येता तळ्याकाठी जाऊन बसले. कुणाला भेटायचं नव्हतं. मी कुठे आहे हे थोडा वेळ कुणालाच माहीत नसावं, एवढंच वाटत होतं. परत आले तर पप्पा फाटकात उभे. "आज आवाज न्हाई आला की," ते म्हणाले. रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी पट्टीची गाठ सोडली आणि मडगार्ड बोटानं हलवून पाहिलं. ते खडखडलं. "पप्पा, एक नट आवळला की झालं," मी कसंबसं म्हणाले. "तो मीच ढिला ठेवलाय," ते म्हणाले, "घरात बसल्या बसल्या कळतं, तू आलीस म्हणून." आता माझ्याकडे बॅटरीवरची स्कूटर आहे, तिला आवाजच नाही. निघताना पप्पा माझा फोन मागून घेतात, लोकेशन चालू आहे ना ते बघतात आणि मग किल्ली देतात.