रिकामा फेरा

प्रार्थनेआधी मास्तर बुटांच्या नाड्या बांधायचे. आमच्या चर्चमध्ये सगळे जण चपला दाराबाहेर काढून आत येतात. मास्तरही काळ्या मातीनं भरलेले रोजचे बूट बाहेर काढायचे, आणि मग कापडी पिशवीतून पांढऱ्या कॅनव्हासचा दुसरा जोड काढून पायात चढवायचे. "ह्या जोड्यानं बाहेरची माती बगितलेली न्हाई, साहेब," असं त्यांनी पहिल्याच रविवारी मला सांगून टाकलं, म्हणजे हरकत घ्यायला जागाच ठेवली नाही. मी वेदीपाशी उभा राहून "आपण प्रार्थना करू या" म्हणालो की मास्तर खाली वाकत, दोन्ही नाड्या दुहेरी गाठीनं आवळत आणि मग ताठ उभे राहत. तेवढा वेळ सगळी मंडळी गप्प थांबायची. मलाही थांबावं लागायचं. परभणीच्या त्या चर्चमध्ये प्रार्थना केव्हा सुरू होणार हे पाळकाच्या हातात नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून खुपलं.

मास्तर झरीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक नांदेडला दिलेली. अंगावर कुठं चिमटा घ्यायला मांस नाही, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी चर्चमध्येसुद्धा सदऱ्याच्या आत असायची आणि ते वाकले की बाहेर लोंबायची. मी नगरहून नवा आलेला, ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेला, आवाज बरा असलेला पाळक. हेवा हा शब्द पाळकानं स्वतःबद्दल वापरायचा नसतो. तो प्रवचनात समोरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो. पण आता लपवण्यात अर्थ नाही. मला मास्तरांचा हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता.

चर्चच्या भोवती कडुनिंबांची रांग आहे. त्या झाडांच्या आणि भिंतीच्या मधून माणसांच्या पायांनी पडलेली एक वाट होती. ती मास्तरांनी पाडलेली. रोज पहाटे साडेपाचला ते तिथं फेरे मारायचे आणि त्यांच्या मागं वीस-बावीस माणसं. निम्मी आमच्या मंडळीतली, उरलेली गल्लीतली: एक तलाठी, एक शिवणकाम करणाऱ्या मावशी, ताडकळसच्या बाजाराला बांगड्या घेऊन जाणारं एक जोडपं. आधी हातपाय मोकळे करायचे, मग फेरे, मग निंबाखाली बसून प्रार्थना. ज्याला देवाचं नाव जे येईल ते त्यानं मनात घ्यायचं. मास्तरांच्या लेखी कसरत आणि प्रार्थना ही एकाच वर्गाची दोन कामं होती. कोणी म्हणालं, "मास्तर, प्रार्थनेत मनच लागत न्हाई," की ते म्हणायचे, "मन नसंल येत तर ऱ्हाऊ दे घरी. तू ये. अंगाची तरी हजेरी लागंल." हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं आणि मला स्वतःला सुचलेलंही नव्हतं, म्हणून ते मला बरोबर वाटत नसे.

त्यांची आणखी एक सवय होती. पहाटेचे फेरे संपत आले की ते धापा टाकत आवारातल्याच माझ्या घराच्या व्हरांड्याच्या पायरीपाशी येऊन थांबत. मी चहाचा कप घेऊन उभा असे. "काय अडचण हाय का, साहेब?" ते विचारत. मी म्हणत असे, "नाही मास्तर, देवाच्या कृपेनं सगळं ठीक." ते जरा वेळ माझ्याकडं बघत, मान हलवत आणि परत एक फेरा मारायला जात. रोज हेच. मला वाटायचं, हा माणूस माझी झडती घेतो. पाळकाला अडचण विचारणारा हा कोण? अडचणी ऐकायचं काम माझं. त्यामुळं मी दिवसेंदिवस जास्त जोरात "सगळं ठीक" म्हणू लागलो.

एका रविवारी मी बायबलातल्या शर्यतीच्या भागावर प्रवचन केलं. तीन दिवस तयारी केली होती. प्राचीन ग्रीक खेळ, विजेत्याच्या डोक्यावरचा पानांचा मुकुट, मूळ शब्दाचा अर्थ, सगळं त्यात होतं. लोकांनी शांतपणे ऐकलं. दोघांना झोप लागली. नंतर बाहेर येऊन बघतो तर निंबाखाली मास्तरांनी दहा-बारा जणांना दोन्ही हात आडवे पसरून उभं केलेलं. "आता प्रभूची प्रार्थना म्हणायची. सावकाश. हात खाली आणायचे न्हाईत." अर्ध्यावर हात थरथरायला लागले, बायका हसायला लागल्या, तलाठी कण्हायला लागला. "दुखायलाय न्हवं?" मास्तर म्हणाले. "मंग? देवाला मागायचं म्हणजे काय फुकटचं काम हाय का? उद्या येवढंच करायचं, परवा जरा जास्ती." संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात पसरलेल्या लोकांचे फोटो आले. ग्रीकांबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

पण मला खरी झोंबली ती यशवंताची गोष्ट. यशवंता जीपवर ड्रायव्हर होता, पाथरीच्या भाविकांच्या फेऱ्या मारायचा, आणि प्यायचा. त्याच्याकडून मी वेदीपुढं तीनदा शपथ घेववली होती. तिन्ही वेळा तो रडला, मीही गहिवरलो, आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत ती मोडली. चौथ्यांदा त्याची बायको त्याला घेऊन आली ती थेट मास्तरांकडं. मी व्हरांड्यातून ऐकत होतो. "शपथ बिपथ काय न्हाई घ्यायची," मास्तर म्हणाले. "जलमभराचं कुणाला उचलतंय? उद्या साडेपाचला ये, बस." तो आला. दोन फेऱ्यांत ओकला. मास्तरांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "लय झ्याक. उद्या अडीच." तो दुसऱ्या दिवशीही आला, आणि येत राहिला. वर्षभरानं त्यानं चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली आणि मास्तरांचं नाव सात वेळा घेतलं. मी मोजलं. माझं एकदा घेतलं, तेही "पाळकसाहेबांनी बी लय परयत्न केला" असं.

मग लेंतकाळ आला, ईस्टरआधीचे उपास-प्रार्थनेचे दिवस. मी ठरवलं की या चाळीस दिवसांत रोज पहाटे साडेपाचला चर्चमध्ये प्रार्थनासभा घ्यायची. वेळ मुद्दाम तीच निवडली, हे कबूल करतो. पहिल्या दिवशी चार माणसं आली: दोन म्हाताऱ्या बाया, आवाराचा राखणदार आणि माझी बायको शीला. चौथ्या दिवशी शीला दिसली नाही. खिडकीतून बघतो तर साडीचा पदर खोचून, माझे जुने बूट घालून, बाईसाहेब मास्तरांच्या मागं पळतायत. "गुडघ्यांना बरं वाटतं," ती नंतर म्हणाली. "आणि खरं सांगू? तिथं प्रार्थना करताना मला झोप येत नाही." त्या दिवशी मी जेवलो नाही. उपास होता असं सांगितलं.

त्याच आठवड्यात मी मंडळीच्या पंचांची बैठक बोलावली. मास्तरांच्या फेऱ्यांतला शेवटचा फेरा वेगळा असायचा. त्यात कोणी बोलत नसे, कोणी पुढं जात नसे, सगळे हळूहळू, ओठ हलवत चालल्यासारखे पळायचे. मी पंचांना म्हणालो, "चर्चभोवती अशी गोल माणसं फिरतात, हात जोडतात. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? ही प्रदक्षिणा झाली. आपल्यात हे बसत नाही." पंच एकमेकांकडं बघायला लागले. त्यातले दोघे स्वतः फेरे मारायचे. पण पदवीवाल्या पाळकानं शिकवणुकीचा मुद्दा काढल्यावर कोण बोलणार? आवारातले फेरे बंद, असा ठराव झाला. प्रदक्षिणा मला दिसत होती असं नाही. मला माझी रिकामी बाकं दिसत होती.

ठराव सांगायला मीच गेलो. मास्तरांनी तो उभ्यानं ऐकला. "हुकूम हाय तर हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी चर्चचं दार उघडलं तर बाहेर मास्तर उभे, हातात कापडी पिशवी. त्यांच्या मागं तलाठी, यशवंता, शिवणकामवाल्या मावशी, शीला, सगळे. बाकं भरली. मास्तर पहिल्या रांगेत बसले, नाड्या बांधल्या आणि माझ्याकडं बघून 'चला' अशी मान हलवली. उरलेला लेंतकाळ माझी सभा भरलेली होती. ती माझ्यामुळं भरलेली नव्हती हे मला रोज पहाटे नव्यानं कळायचं. भांडले असते तर मी त्यांच्याहून मोठा ठरलो असतो. ते भांडलेच नाहीत.

फेरे मात्र परत सुरू झाले नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ, आणि आवारात नाही म्हटल्यावर नाही. निंबाखालची ती वाट हळूहळू गवतात गेली. पळणं सुटलं आणि मास्तरांचे गुडघे धरले. आधी काठी आली, मग बसलेल्या जागेवरून उठताना यशवंताचा हात लागायला लागला. नाड्या बांधायला त्यांना दुप्पट वेळ लागे, आणि मंडळी दुप्पट वेळ थांबे. दिवाळीनंतर नांदेडहून लेक आली आणि म्हणाली, आता एकटं ठेवायचं नाही.

ते निघायच्या आदल्या संध्याकाळी मी शीलाला म्हणालो, "जातील तिथं बरं होईल त्यांना. इथं उगीच रोज मला विचारत बसायचे, काय अडचण, काय अडचण." शीला भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "तुम्हाला खरंच माहीत नाही?" ती म्हणाली. "शेवटचा फेरा दुसऱ्याच्या नावाचा असायचा. प्रत्येकानं एक माणूस धरायचा. त्याला आधी जाऊन अडचण विचारायची आणि ती मनात घेऊन त्याच्यासाठी पळायचं. ज्याच्यासाठी पळतो त्याला मात्र सांगायचं नाही, हा नियम. मास्तरांचा माणूस तुम्ही होता."

"एकदा मला म्हणाले," शीला पुढं म्हणाली, "बाई, साहेब काय सांगतच न्हाईत. अडीच वर्षं झाली, त्यांच्या नावाचा फेरा रिकामाच पळायलोय."

सकाळी मी बसस्टँडवर गेलो. नांदेडची गाडी लागलेली होती, मी आत चढलो. मास्तर खिडकीशी बसलेले, शेजारी लेक, पायाशी गाठोडी. पायात तो पांढरा जोड होता. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "ऱ्हाऊ द्या," ते हसले, "बगू द्या त्यालाबी जरा बाहेरची माती." मग नेहमीसारखं माझ्याकडं बघून विचारलं, "काय अडचण हाय का, साहेब?"

"आहे," मी म्हणालो. गाडीत माणसं चढत होती, मागून कोणी तरी पिशवीनं ढकलत होतं. "मास्तर, मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्या रविवारपासून. ते प्रदक्षिणेचं काही खरं नव्हतं. माणसं तुमच्याकडं जातात हे मला बघवत नव्हतं."

लेक माझ्याकडं बघत राहिली. मास्तरांनी डोळे मिचकावले. "येवढंच व्हय?" ते म्हणाले. मग जरा चिडूनच, "आन हे आदी सांगायचं न्हाई का, साहेब? कामून लपवलं? किती फेरे वाया गेले, बगा की!" एवढं बोलून ते पुढं वाकायला लागले. प्रार्थना करायची होती, म्हणून नाडी. एक सुटलेली होती. हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच अडला. त्यांनी परत जोर केला, शिट्टी सदऱ्यातून बाहेर आली, पण हात बुटापर्यंत पोचेना.

मी त्या गाठोड्यांच्या मधे खाली बसलो आणि नाडी हातात घेतली. "दुहेरी," मास्तर वरून म्हणाले. माझ्या हाताला ती सवय नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा माझी दुसरी गाठ चालू होती. उतरून खिडकीपाशी आलो तोवर त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. गाडी फलाटावरून मागं सरकली, वळली, तरी ते तसेच होते.

पुढच्याच रविवारी मी ठराव मागं घ्यायला लावला आणि का ते मंडळीपुढं सांगितलं. पहाटे फेरे सुरू झाले. शिट्टी यशवंताकडं असते. मी सगळ्यांच्या मागं असतो, चार फेऱ्यांत जीव जातो. मास्तर दीड वर्षानं नांदेडलाच वारले. लेकीनं फोनवर सांगितलं की शेवटपर्यंत काठी टेकत अंगणात एक फेरा घालायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, "साहेबांचा हाय."

आता मी वेदीपाशी उभा राहून "आपण प्रार्थना करू या" म्हणतो आणि मंडळी थांबते. कोणी ठरवलेलं नाही, पण दोन नाड्या दुहेरी गाठीनं बांधायला लागेल तेवढा वेळ सगळे गप्प असतात. त्या वेळात मी पहिल्या रांगेतल्या मास्तरांच्या रिकाम्या जागेकडं बघतो. हेवा अजून वाटतो. फरक इतकाच, की कोणी अडचण विचारली तर आता सांगतो.