टाक्यांवरची उशी

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना मी दुर्बिणीच्या ऑपरेशनचे फायदे समजावून सांगितले, तेही त्यांचं पोट वीतभर उघडून झाल्यावर. माझं पित्ताशय चार भोकांतून निघालं होतं आणि हिंजवडीच्या ऑफिसात मी "परवा हजर होतो" असं कळवूनही बसलो होतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले ते गृहस्थ नुसते हसले. म्हणाले, "माझ्या आतड्याला पीळ पडला होता. उघडल्याशिवाय इलाज नव्हता."

आता आतडं हललं नाही, तर पुन्हा टेबलावर जायचं होतं. डॉक्टर रोज सकाळी विचारत, "गॅस सरला?" गृहस्थ "अजून नाही" म्हणत, टाक्यांवर उशी दाबून उठत आणि भिंतीच्या आधाराने व्हरांड्यात फेऱ्या घालत. चालायला मलाही सांगितलं होतं. पण दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या हवेने माझा खांदा ठणकत होता, म्हणून मी पडल्या पडल्या कण्हत होतो.

तिसऱ्या सकाळी त्यांनी दारातूनच वर्दी दिली, "सरला!" अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. त्यांना घोटभर चहा मिळाला. कप घेऊन ते माझ्या खाटेशी थांबले.

"अहो, भोकं तुमच्या पोटाला पाडलीत ना? मग पायांना काय झालंय?"