आईला घराबाहेर काढणाऱ्या खाला

दुसऱ्याच्या घरात शिरून त्या घरच्या बाईलाच बाहेर काढायचं आणि तरीही त्या घराला हवंहवंसं वाटायचं, हे जमलेली एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. भिवंडीच्या मोहल्ल्यांपासून आमच्या वळ गावापर्यंत सगळे त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणत. त्यांच्याहून मोठ्या म्हाताऱ्याही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणाऱ्या एका लहानशा संस्थेत त्या काम करायच्या. संस्थेने त्यांना रक्तदाब मोजायचं यंत्र, छापील फॉर्म आणि हे सगळं ठेवायला एक पिशवी दिली होती. त्यांतली पिशवी तेवढी त्यांनी मनापासून वापरली.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दापोड्याच्या गोदामात त्यांनी जन्मभर पाठीवर माल वाहिला होता. आता उजवी बाजू गेली, आणि जीभ अडखळते या शरमेने त्यांनी बोलणंच टाकलं. प्रयत्न केला तर बोलतील, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा प्रयत्न करत नव्हते. खायचं आईच्या हातचं, कूस बदलायची तीही आईनेच. आठ महिने आई उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. तिची कंबर धरली होती. ती पडली तर माझं कॉलेज सुटणार, हे कुणी न बोलताही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

खाला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. आईसमोर बसून आज काय खाल्लंस, झोप किती लागते, कंबर नेमकी कुठे दुखते असं सगळं विचारलं, आणि फॉर्मवर रुग्णाच्या नावाच्या जागी आईचं नाव लिहिलं. बाबांनी रागाने डोळे मिटून घेतले. असल्या फॉर्मांवरून खालांना दर महिन्याला बोलणी बसायची. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या घरी पुन्हा तेच करायच्या. आज मी त्याच संस्थेत काम करते आणि माझे फॉर्म बरोबर असतात. एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं त्यांच्याकडूनच शिकले.

दर गुरुवारी दुपारी तीनला त्या यायच्या आणि दारातूनच आईला हुकूम सोडायच्या, "चल बेटा, चपला घाल. दोन घंटे इकडे दिसायचं नाय."

"न् यांना पानी कोन पाजल?" आई म्हणायची.

"मी काय भूत हाय?"

पहिल्या गुरुवारी आई मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडाजवळ लपून उभी राहिली. खालांनी तिला हाताला धरून गल्लीपर्यंत पोचवलं. दुसऱ्या वेळी ती समोरच्यांच्या ओट्यावर बसली, पण दोन तास नजर आमच्याच दारावर. तिसऱ्या वेळी भाजी घेऊन आली. निव्वळ बाहेर जायला गेले होते, असं म्हणायचा तिला धीरच होत नव्हता.

खाला सेवा करण्यात मुळीच कुशल नव्हत्या. पाणी पाजताना उशी भिजवायच्या, बाबांच्या आधी स्वतःच पेंगायच्या. मात्र पिशवीतून सापशिडीचा पट काढला की त्यांना तरतरी यायची. या खेळाला एकच हात लागतो, आणि बाबांचा डावा हात शाबूत होता. खाला भयंकर चोरी करायच्या. सापाच्या तोंडावर सोंगटी आली की गुणगुणत एक घर पुढे सरकवायच्या. जन्मभर पोती मोजून देणाऱ्या माझ्या बाबांना हे सोसायचं नाही. ते डाव्या हाताने खाट बडवायचे. खाला म्हणायच्या, डास फार झाले.

एका गुरुवारी आई अखेर रिक्षात बसली आणि कशेळीला मावशीकडे गेली. मी परीक्षेचं वाचत होते. खालांची सोंगटी शेवटच्या मोठ्या सापावर आली आणि सहज पुढे सरकली.

"मा... मागं," बाबा म्हणाले.

मी पुस्तक ठेवलं.

"काय? ऐकू नाय आलं."

"मागं घे. साप हाय."

खालांनी सोंगटी निमूटपणे तळाशी नेली. "आधीच सांगायचं ना, भाऊ. मी किती हप्ते चोरी करते."

मी आईला फोन लावायला धावले. खालांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाल्या, "बहिणीकडे बसलीय ती. बसू दे."

आई सहा वाजता आली. हातात मावशीने दिलेले सुके बोंबील. तिने चपला काढल्या, आणि बाबांनी एकेक शब्द ओढत विचारलं, "कुठं... गेलतीस?"

ती रडेल असं मला वाटलं. ती खाटेच्या कडेवर टेकली. "कशेळीला," म्हणाली, आणि मग सांगतच राहिली. पुलावर ट्रक कसे अडकले होते, मावशीच्या सुनेला कितवा महिना लागला, बाबांच्या ओळखीच्या गोदामाला आता कसला निळा रंग दिलाय. बाबा मध्येच एखादा अर्धा शब्द विचारत होते. इतक्या महिन्यांत आईने त्यांना भूक लागली का, पाणी देऊ का, याशिवाय काही म्हटलं नव्हतं. आज तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं.

मी दाराशी बसून ऐकत राहिले. पट गोळा करून खाला कधी निघून गेल्या, आम्हा तिघांनाही कळलं नाही. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारायचा राहून गेला.