ताईचा शेवटचा नमुना

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा बायपासपलीकडच्या आमच्या वसाहतीत नुकताच टँकर आला होता आणि मी पाइप धरून उभा होतो. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन झालं होतं, पण हृदयानं साथ दिली नाही. फोन तिच्या विद्यार्थिनीचा, स्नेहलचा. "सर, मॅडम गेल्या..." एवढंच ती बोलली आणि मग, "नमुना मात्र नीट ठेवलाय." त्या क्षणी मला त्या पोरीचा संताप आला. आता येत नाही.

ताई पिशोरला जन्मली ते साल मोठ्या दुष्काळाचं. आई पोटुशी असताना खडी फोडायला जायची आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर दिवस काढायची. जन्मली तेव्हा ताई म्हणजे नुसती हाडं होती म्हणे. पंचविशीनंतर मात्र तिचं वजन वाढू लागलं ते थांबलंच नाही. ती किती कमी खायची हे मी एका घरात राहून पाहिलं आहे, तरी लोक तिच्या ताटाकडेच बघायचे. पुढं पुन्हा ओळीनं कोरडी वर्षं आली. तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत आमचे चुलते, अण्णा, सगळ्यांसमोर म्हणाले, "शैले, दुष्काळ तुझ्या घराकडं फिरकला नाय वाटतं!" पंगत हसली. ताईही हसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, तो आला तो गेलाच नाही. इथंच बसलाय."

तिच्यासाठी ती थट्टा नव्हती. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची आणि चाळिशी उलटल्यावर तिनं याच विषयावर संशोधन सुरू केलं होतं. पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन रुग्णाच्या संमतीनं चरबीचा हरभऱ्याएवढा तुकडा तिला द्यायचे. त्यावर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सोडले की कोणता पदार्थ त्यातलं काय शोषतो त्यावरून आलेखात डोंगररांग उमटते. चरबीची शिखरं वेगळी, प्रथिनांची वेगळी. "चरबी म्हणजे पोत्यात भरलेलं धान्य नाही रे," ती मला सांगायची. "जिवंत असते ती. पेशी फुगतात, गुदमरतात, मग त्यांच्याभोवती प्रथिनांचे चिवट धागे वाढतात. वजनकाट्याला ते कळत नाही." आईच्या पोटातच उपास घडलेल्या बायकांमध्ये हे धागे जास्त असतात का, एवढंच तिला शोधायचं होतं. त्यासाठी आपल्या वयाच्या बायकांच्या खाटेशी बसून ती परवानगी मागायची. खुलताबादच्या एक बाई तिला म्हणाल्या होत्या, "इत्तीसी क्या लेते, पूरीच ले जाव ना!" ताईनं उत्तर दिलं, "फ्रीजर में जगा नहीं आपा, नहीं तो मेरी भी रख देती."

मग ते सर्जन बदलून गेले. नमुना काढल्या काढल्या गोठवायचा असतो, पण नव्या माणसांनी हे तुकडे रुग्णालयातल्या नेहमीच्या वाटेनं पाठवले, म्हणजे रसायनांत धुऊन मेणात बसवले. वरचं मेण काढलंय, असं ताईला सांगण्यात आलं. त्या धुण्यात चरबी विरघळून जाते हे पदार्थविज्ञानाच्या बाईला कुठून ठाऊक असणार? आलेख आले ते देखणे, उंच शिखरांचे. ताईनं आमच्या घरी पेढे आणले. पुढं कधीतरी आलेख पुन्हा चाळताना तिच्या लक्षात आलं की खऱ्या चरबीचं एक शिखर एकाही आलेखात नाही. उरलेल्या मेणाचीच उंच शिखरं तिनं चरबीची समजली होती, कारण दोन्हींची जागा एकच. कुणी विचारायच्या आत तिनं विभागाला लिहून दिलं की हे सगळे निष्कर्ष रद्द समजावेत. मी म्हणालो, नमुने पुन्हा घे. "कुणाकडून घेऊ?" ती म्हणाली. "त्या बायांना पोट पुन्हा फाडून घ्या म्हणू?" त्यानंतर कित्येक दिवस ती आमच्या घरीसुद्धा आली नाही...

स्वतःचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मात्र तिनं स्नेहलला बर्फाचा डबा घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारातच उभं केलं.

दहाव्याच्या आधी स्नेहलनं मला प्रयोगशाळेत बोलावलं. अर्धा नमुना तिनं तपासला होता. पडद्यावर ते हरवलेलं शिखर होतं, आणि धाग्यांचंही होतं, चांगलं उंच. "म्हणजे ताईचं बरोबर होतं?" मी विचारलं. ती रडत होती, पण मान तिनं नाहीच हलवली. "एका नमुन्यावरून नाही सांगता येत, सर." ताईनंही हेच सांगितलं असतं. उरलेला अर्धा नमुना घेऊन जायचा की इथंच ठेवायचा, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. मी सही करून तो तिथंच, फ्रीजरमध्ये ठेवला.

दहाव्याला घाटावर अण्णांनी मला बाजूला घेतलं. "समदं सावडलं ना रे? काही मागं राहू नये. जीव अडकतो."

"थोडं राहिलंय, अण्णा," मी म्हणालो आणि काय राहिलंय, कुठं आणि कशासाठी, ते सगळं सांगितलं. आता ओरडतील असं मला वाटलं. ते खाली दगडावर बसले, उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

"तिथं लाइट जात नाय ना?"

"जाते," मी म्हणालो. "गेली की ती पोरगी बर्फ घेऊन धावते."