क्षमाची छोटी क्लास

क्षमा डोणगावकर माझ्या लक्षात आली ती आवाजामुळे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली तिनं नुकतीच भाड्यानं घेतली होती. दुपारी मी ओसरीत मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला, "पीछे तक सुनाई दे रहा है ना?" वर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मग खडूचा आवाज, मग पुन्हा, "अब यह देखिए." मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण रिकाम्या खोलीला इतक्या जिव्हाळ्यानं शिकवणारी बाई पहिल्यांदाच ऐकली.

ती गोंदियाची. वडील रेल्वेत होते. अर्थशास्त्रात एम.ए. करून नव्या रायपूरच्या रस्त्यावरच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या करारावर लागली होती. छत्तीसगडची ही नवी राजधानी तेव्हा उभी राहत होती. रुंद रस्ते आधी आले होते, माणसं यायची होती. क्षमा रोज तेलीबांध्याहून विद्यापीठाची बस पकडायची.

तिथली पद्धत तिनं मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितली. भार्गव सर मोठ्या हॉलमध्ये सगळ्या मुलांना एकत्र लेक्चर देत. मग त्याच मुलांचे लहान लहान गट पाडत, आणि प्रत्येक गट आठवड्यातून एकदा क्षमासारख्या तरुण शिक्षकाबरोबर छोट्या खोलीत बसे. सरांनी जे सांगितलं त्यावर मुलांनी तिथं बोलायचं, शंका काढायच्या, वाद घालायचा. कागदावर त्याचं नाव ट्यूटोरियल. मुलं म्हणत, छोटी क्लास.

भार्गव सर विद्वान होते, पण इंग्रजीत बोलत आणि भरभर बोलत. धमतरी, कवर्ध्याकडून आलेली मुलं बावरून जात. छोट्या क्लासमध्ये ती क्षमाला म्हणाली, "मैडम, कुछ समझ में नहीं आया." मग काय, क्षमानं सरांचं अख्खं लेक्चर हिंदीत, मधूनमधून छत्तीसगढी शब्द पेरत पुन्हा दिलं. वरच्या खोलीतली तयारी त्यासाठीच असायची. मुलं खूश झाली. दुसऱ्या गटांतलीही येऊ लागली.

"काकू, आज पोट्टे खिडकीत बसले होते!" ती जिन्यातूनच ओरडली होती.

महिन्याभरात भार्गव सरांचा हॉल निम्मा रिकामा झाला. गुरुवारी क्षमा मॅडम सगळं सांगतातच, तर सोमवारी कशाला उठायचं? सर तिच्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आप तो मेरी ही क्लास दोबारा ले रही हैं." विभागप्रमुख सुनीती मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं, की तिथंही लेक्चरच होणार असेल तर हा तास पुढच्या वर्षी बंद करावा लागेल. तास बंद म्हणजे क्षमाचा करारही संपला. सत्राच्या शेवटी त्या आणि भार्गव सर तिच्या वर्गात येऊन बसणार होते आणि मग ठरवणार होते.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली.

"पोरायले समजत नव्हतं, मी समजावलं. यात काय चुकलं माह्यं?"

"तुझ्या तासाला मुलं बोलतात का गं?"

"बोलतात ना. 'मैडम, एक बार और बताइए' म्हणतात." मग तीच म्हणाली, "म्हणजे बोलते मीच."

दुसऱ्या दिवसापासून वरचा आवाज बंद झाला. वर्गात तिनं खुर्च्या गोल मांडल्या आणि स्वतः मुलांच्या मध्ये बसली. प्रत्येकानं सरांच्या लेक्चरमधली एक शंका घेऊन यायची. लेक्चरला न गेलेल्याला शंका कुठून असणार? तिला विचारलेला प्रश्न ती शेजारच्या मुलाकडे वळवू लागली. सवय व्हावी म्हणून माझ्यावरही प्रयोग चालत.

"काकू, भाजीवाल्याशी घासाघीस काहून करता?"

"तो जास्त सांगतो म्हणून."

"जास्त काहून सांगतो?"

"अगं, मला मेथी निवडू देशील की नाही?"

मुलांना हे आवडलं नाही. "मैडम नाराज हैं क्या?" अशी कुजबुज झाली. एखादा बोले, बाकीचे बुटांकडे बघत. पण तिची नोकरी या तासावर अवलंबून आहे, हे मुलांना कुठूनतरी कळलं. आणि पाहणीच्या दिवशी त्यांनी जे केलं ते शाळेच्या संमेलनात नाटकं करत वाढलेली आपलीच मुलं करू शकतात.

सुनीती मॅडम आणि भार्गव सर मागच्या खुर्च्यांवर बसले. गोलबाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा गौतम उठला आणि किमती कशा ठरतात ते घडाघडा बोलला. धमतरीची चित्रा म्हणाली, "मैं गौतम की बात से सहमत हूँ, परंतु..." तिसऱ्यानं नेमक्या जागी हात वर केला. समोरच्या एका मुलीचे ओठ चित्राच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते, तेव्हा क्षमाच्या ध्यानात आलं. हे सगळं बसवलेलं होतं. तिच्यासाठी, प्रेमानं.

ती गप्प राहिली असती तर बहुधा निभावलं असतं. सुनीती मॅडम तर समाधानानं मान डोलवत होत्या.

"बस," क्षमा म्हणाली. "गौतम, कल दुकान पर जो दाम बताया, वही लिया?"

गौतम गडबडला. हे ठरलेलं नव्हतं. "नहीं मैडम... आदमी देखके बताते हैं."

"मतलब मुझे देखके ज्यादा बताया था?" चित्रा ताडकन उठली. "पिछले महीने तुम्हारे यहाँ से ही कुकर लिया मैंने!"

"तो मोलभाव काहे नहीं किया?"

"हमको लगा पहचान का है, सही बताएगा!"

वर्गात एकच हशा पिकला. मग कुणी चित्राच्या बाजूनं, कुणी गौतमच्या. एकजण म्हणाला, पण सरांनी तर सांगितलं होतं की बाजारात एकच भाव ठरतो. मागे बसलेल्या भार्गव सरांना राहवेना. "कब तय होता है? मैंने एक शर्त बताई थी."

सगळ्यांनी क्षमाकडे पाहिलं. क्षमानं चित्राकडे. मग चित्रा हळूच म्हणाली, "जब सबको दाम मालूम हो." आणि पुढच्याच दमात, "मुझे कहाँ मालूम था!"

भार्गव सरांनी आपली खुर्ची उचलली आणि गोलात आणून ठेवली.

तास संपल्यावर त्यांनी चित्राला विचारलं, "यह सवाल मेरे लेक्चर में क्यों नहीं पूछा?"

"सर, यहाँ पूछ थोड़ी रहे थे. झगड़ रहे थे."

हे सगळं क्षमानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, चित्राच्या आणि सरांच्या नकला करत. करार पुढे चालू राहील की नाही हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. ती मुलांना रागावलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "काकू, पोट्ट्यांनी पाठ बी किती छान केलं होतं हो!"

पत्र पुढच्या महिन्यात आलं. तास राहिला, तीही राहिली.

आता ती तेलीबांध्याजवळच्या फ्लॅटमध्ये आईसोबत राहते. भार्गव सर निवृत्त झाले. मोठ्या हॉलमधलं सोमवारचं लेक्चर क्षमा घेते, आणि गुरुवारचा एक गट तिनं स्वतःकडे ठेवला आहे.