गालाच्या आतली कातडी

वैष्णवीनं आधी रुमालानं मायक्रोस्कोपची नळी पुसली. मंग सॅनिटायझर घेऊन हात चोळले. मंग रुमालाचा दुसरा कोपरा ओला करून पापणीवरून फिरवला. तिच्या डोळ्यानं माझी थुंकी पाह्यल्ती म्हणून.

अकरावी सायन्सचं प्रॅक्टिकल होतं. टूथपिकनं गालाच्या आतून हलकं खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा, वरून पातळ काच ठेवायची आणि बघायचं. आपल्याच अंगातली ऊती. मराठी शाळेत मी तिला अभिस्तर ऊती म्हणून पाठ केल्ती. इथं तिचं नाव स्क्वॅमस एपिथेलियम. वैष्णवी ते नाव सहज म्हणायची. माझी जीभ अडायची.

त्या दिवशी माझी स्लाइड सगळ्यात चांगली झाल्ती. सरांनी नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हलले न्हाईत.

"वा. एकेक पेशी सुटी. मधी केंद्रक कसं ठिपक्यावानी दिसून राह्यलं बघा. वैष्णवी, तुझी ना?"

वैष्णवी हसली. हो म्हणली न्हाई, न्हाई बी म्हणली न्हाई. पोरांची रांग लागली. सगळ्यांनी पाह्यलं, वैष्णवीनं दोनदा. मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी राहवलं न्हाई.

"सर, माझी हाये ती."

मागून एक पोरगी म्हणली, "अय्यो, कुणाची थुंकी बघून राह्यलो आपण."

हसले सगळे. सर बी हसले. वैष्णवीनं रुमाल काढला.

"बरं बरं," सर म्हणाले, "आता ज्यानं त्यानं आपापली बघा." माझ्याकडं वळले. "आणि तू एक कर. सगळ्या स्लाइडी धुऊन ठेव. तुला सवय असंल."

धुतल्या मी. माझी एकटीची थुंकी त्यांना बघवली न्हाई. त्या सगळ्यांची मी बोटांनी चोळून काढली.

तेव्हापासून ते कामच माझं झालं. दर हप्त्याला. प्रॅक्टिकल संपलं की सर नुसतं बेसिनकडं बोट करायचे.

वैष्णवीचे वडील संस्थेचे अध्यक्ष. शंभर एकराचं घर. माझा बाप अंकुशनगरकडं ऊस तोडायचा, माय कुंभार पिंपळगावात दोन घरची झाडलोट करून कापूस येचायला जायची. आमची घरं बौद्धवाड्यात. वैष्णवीच्या घरी तिचा स्वतःचा मायक्रोस्कोप होता. रविवारी ती कांद्याचं साल बघायची, आजीच्या डोक्यातली ऊ बघायची आणि सोमवारी येऊन सांगायची. तिच्या जर्नलमधल्या ऊती रंगीत होत्या. स्नायू गुलाबी, चेतापेशी जांभळ्या. माझ्या सगळ्या ऊती पेन्सिलीच्या, काळ्या.

मी जळायचे. खोटं कशाला बोलू. तिच्या नखांवर जळायचे, तिच्या इंग्रजीवर जळायचे. ती बोलताना सर मान हलवायचे त्यावर बी जळायचे.

एकदा वैष्णवीनं गालाची स्लाइड पुन्हा केल्ती; सगळे गेल्यावर मी ती धुवायची ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. काहीतरी शोधत होते. काय, ते मला सांगता आलं नसतं. तशाच चपट्या पेशी, तसाच ठिपका. माझ्या आणि तिच्या गालात तसूभर फरक न्हाई. लोकांना वाटंल, तेव्हा मला बरं वाटलं असंल. बिलकुल न्हाई. उलट जास्तच पेटले. कातडं एकच हाये तर तिच्या टेबलावर मायक्रोस्कोप कसा, आणि माझ्या हातात हे बेसिन कसं?

त्या दिवशी मी चोरी केली. पेटीतली चेतापेशीची तयार स्लाइड दप्तरात घातली. घरी जाऊन अंगणात उन्हाकडं धरली. काचेवर नुसता एक गुलाबी डाग. मायक्रोस्कोप नसला की चेतापेशी म्हणजे डागच. दुसऱ्या दिवशी गुपचूप परत ठेवली. घाईत चुकीच्या खाचेत.

मायला हे काही माहीत नव्हतं. एक दिवस भाकरी वाढताना तिनं माझा हात धरला.

"बोटं निळी कशानं?"

"प्रॅक्टिकल असतंय."

"बाकीच्या पोरींची बी व्हतेत का निळी?"

मी सांगितलं सगळं. थुंकीचं, रुमालाचं, बेसिनचं. मायनं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली.

"धुणं-झाडणंच शिकायचं व्हतं तर मी घरीच शिकवलं असतं," ती म्हणली. "त्याला एसटीनं कशाला जाती?"

बस, एवढंच. रडली न्हाई, मला जवळ घेतलं न्हाई.

पुढच्या हप्त्यात परीक्षेचा सराव म्हणून सरांनी गालाची स्लाइड पुन्हा करून घेतली. त्याच सकाळी त्यांनी स्नायू ऊती शिकवल्ती. हाडाला जोडलेले स्नायू आपल्या मर्जीनं चालतात, हृदयाचे चालत न्हाईत. तास संपला. सरांनी बेसिनकडं बोट केलं. माझं काळीज कानात वाजून राह्यलं होतं, त्यावर माझी मर्जी नव्हती. हातांवर होती. मी ते मांडीवर ठेवले.

"सर, मी धुणार न्हाई."

"का गं?"

"ज्याची थुंकी त्यानं धुवावी."

सरांचं तोंड लाल झालं. "तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसता. जर्नल आण इकडं."

जर्नल त्यांनी कपाटात टाकलं. त्यावर सही नसली की प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत न्हाई. तीन दिवस मी स्टाफरूमच्या दारात उभी राह्यले. वैष्णवी रोज समोरून जायची. तिसऱ्या दिवशी थांबून म्हणली, "सॉरी म्हणून टाक ना. काय जातं तुझं?"

तिचं खरंच काही जात नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला.

चौथ्या दिवशी माय आली. मजुरी बुडवून. प्राचार्यांच्या खोलीत शिरली आणि खुर्चीवर बसली. तिला कुणी बस म्हणलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणली, "पोरीनं काय चुकी केली, ते कागदावर लिहून द्या."

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सरांनी कागदाकडं पाह्यलं, पेनाकडं पाह्यलं. लिहिणार काय? थुंकी, बेसिन, तुला सवय असंल? जर्नल आलं. सही झाली. माफी कुणी मागितली न्हाई. "बाई, विषय वाढवू नका," एवढं प्राचार्य म्हणाले.

प्रॅक्टिकलला वैष्णवीला पैकीच्या पैकी. वर्गात सगळ्यात कमी मला.

वैष्णवी आता पुण्यात डॉक्टर हाये. गावाच्या चौकात तिचा फ्लेक्स लागल्ता. मी तो उभी राहून पूर्ण वाचला, खालच्या शुभेच्छुकांच्या नावांसकट. तेव्हाही तशीच जळले. मी एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं. जालन्यात एका कॉलेजात तासांवर शिकवते.

मागच्या महिन्यात त्याच जुन्या कॉलेजची जाहिरात आली. ते सर निवृत्त झाले. जीवशास्त्राची जागा रिकामी हाये. मी अर्ज केला. मुलाखत सोमवारी. समोर अध्यक्ष म्हणून वैष्णवीचे वडील बसणार. सोबतचे शिक्षक म्हणतात, तिथं तुला कोण घेतंय, कशाला अपमान करून घेती. बाप बी तेच म्हणतो.

मला समजतंय. न्हाई घेणार बहुतेक. मंग का घेतलं न्हाई, ते मी लेखी मागीन. पुन्हा जाहिरात निघंल तेव्हा पुन्हा अर्ज करीन. हेवा वाईट असतो असं सगळे सांगतात. ज्यांच्याकडं सगळं हाये तेच जास्त सांगतात. माझा हेवा मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार न्हाई. मला ती जागा पाहिजे. सोमवारी पहिल्या एसटीनं निघणार हाये.