मावशी, दार उघड

"मावशी, दार उघड ना."

फाटकाबाहेर माझी मुलगी उभी होती. साडेतीन वर्षांची. चपला आतच राहिलेल्या. वैशाखाचं ऊन, पायाखाली सिमेंट. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायची, मग तो उचलून पहिल्यावर. आणि मला मावशी म्हणत होती. मी तिची आई. फाटकाच्या आत. कडी माझ्या हातापासून वीतभर.

मी दार उघडलं नाही.

बावीस वर्षं झाली. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही. आता लिहून टाकते.

वणीतलं ते पाळणाघर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत चालायचं. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. मुलं खाणीतल्या साहेबांची, बँकवाल्यांची, मास्तरांची. मी तिथं कामाला. सकाळी सातला आत, संध्याकाळी सातला बाहेर. पाळणाघर चांगलं होतं, खोटं कायले बोलू? मुलं स्वच्छ, वेळेवर जेवलेली, वेळेवर निजलेली. पालक म्हणायचे, "काकू, तुमच्याकडं ठेवलं की जिवाला घोर नाही." काकू हसायच्या. ती मुलं मी धूत होते. मी भरवत होते. मांडीवर थोपटून मीच निजवत होते.

माझ्या मुलीला ठेवायला जागा नव्हती.

आम्ही मारेगावकडच्या तांड्यातले. नवरा कोळशाच्या ट्रकवर लागला म्हणून वणीत आलो. तो चार-चार दिवस चंद्रपूरच्या रस्त्यावर. तांड्यात असते तर प्रश्नच नव्हता. तिथं याडी, म्हणजे आई, कापूस वेचायला गेली की पोर ज्या दारात भूक लागेल त्या दारात जेवतं. ज्या लोट्यात पाणी दिसेल त्यातून पितं. हा लोटा कोणाचा, असं कोणी विचारत नाही. वणीत भाड्याची खोली, शेजार अनोळखी. अंगणवाडी दुपारीच बंद. पहिले आठ दिवस मी तिला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधून, बाहेरून कुलूप लावून कामाला गेले. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. परत यायची तेव्हा तिच्या पायाला वळ, खाली सगळं ओलं. ती रडत नसायची. रडून झालेलं असायचं.

शेवटी काकूंपुढं तोंड उघडलं. काकू म्हणाल्या, "आण तिला. पण मागच्या दारानं. मागच्या ओसरीत बसेल. पगार थोडा कमी करते. आणि एक गोष्ट. इथं तुला आई म्हणायचं नाही. तुमचं ते याडी-बिडी तर नाहीच. लोकांना वाटेल आमच्याकडं कोणाचीही पोरं येतात. मावशी म्हणू दे, सगळी म्हणतात तसं."

"हो काकू," मी म्हणाले. वरून हातही जोडले.

मग मी तिला शिकवलं. गुळाचा खडा घेऊन.

"तिथं मी कोण?"

"याडी."

खडा परत डब्यात.

"तिथं मी कोण?"

चार दिवसांत शिकली. हुशार होती. एका रविवारी घरीच म्हणाली, "मावशी, भूक लागली." मी हसले. हो, हसले.

त्या दिवशी एक साहेबीणबाई मुलाला न्यायला लवकर आल्या. माझी मुलगी ओसरीतून पुढं आली होती. तहान लागलेली. समोर पाण्याची बाटली दिसली, तिनं उचलली, तोंडाला लावली. तांड्यातल्यासारखी. ही बाटली दुसऱ्याची, हे तिला मी शिकवलंच नव्हतं. मी तिला फक्त एक शब्द शिकवला होता.

बाईंनी बाटली हिसकली. "आमच्या मुलाच्या बाटलीला तोंड लावलं हिनं! कोणाची आहे ही?"

काकू माझ्याकडं पाहत होत्या. माझी मुलगीही माझ्याकडंच पाहत होती. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"माहीत नाही बाई," मी म्हणाले. "बाहेरून आली असंल."

बाईंनी दंडाला धरून तिला फाटकाबाहेर काढलं. मला म्हणाल्या, "कडी लाव." मी लावली. बाटली त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकली. मुलाचे बूट सापडेनात म्हणून मग मी बूट शोधायला लागले. दुसऱ्याच्या मुलाचे बूट. बाहेर माझी अनवाणी.

ती रडली नाही. आई म्हणाली नाही. याडी म्हणाली नाही. शिकवलं होतं तसंच म्हणत राहिली. पाय भाजत होते, तरी शब्द चुकली नाही.

बाईंची गाडी वळली, मग मी कडी काढली. तळव्यांना फोड आलेले. काकू मागून म्हणाल्या, "बरं केलंस. वेळ मारून नेलीस."

त्यानंतरही मी तिथं तीन वर्षं काम केलं. कोणी विचारेल, सोडलं काहून नाही? तिला घेऊन कुठं जाणार होते? खाटेचा पाय होता आणि काकूंची ओसरी होती. तिसरं काही नव्हतं. पण हे खरं असलं तरी पुरेसं नाही. कडी काकूंनी लावली नव्हती.

मुलगी शिकली. आता यवतमाळला एका खासगी लॅबमध्ये आहे, लोकांचं रक्त घेते, तपासते. जावई पुण्याला कंपनीत. बाळ आठ महिन्यांचं. माझा नवरा गेला, तेव्हापासून मी तिच्याजवळ राहते आणि एका वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. नवरा गेल्यावर कोणाच्या जिवावर जेवले नाही. मुलीच्या तर मुळीच जेवणार नाही.

बाळंतपणापासून ती घरीच. लॅबच्या मालकानं तिला निरोप दिला : दोन आठवड्यांनी सोमवारी या, नाहीतर दुसरी बघतो.

पंधरा दिवस आम्ही दोघी पाळणाघरं पाहत फिरलो. एक म्हणे, दोन वर्षांच्या आतलं घेत नाही. एकात तळघर, फिनाईलचा वास, टीव्हीपुढं बारा मुलं बसवलेली, तोंडं उघडी. एकाची फी ऐकून मुलगी म्हणाली, "मंग मी कामाले कायले जाऊ?" चौथं सापडलं. हवेशीर. पाळणे स्वच्छ. फी झेपणारी. मी एका मुलाचा लंगोट उचकून पाहिला, कोरडा होता. या धंद्यातलं मला कळतं. मी मानेनंच तिला हो म्हटलं.

काल शनिवारी नाव घालायला गेलो. बाळ माझ्या कडेवर. चालवणाऱ्या मॅडमनी मुलीला खुर्ची दिली. माझ्याकडं पाहून विचारलं, "आणि या?"

मुलगी माझ्याकडं न पाहता म्हणाली, "या आमच्या मावशी. बाळाला बघतात."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. चपलांच्या स्टँडपाशी जागा आहे."

मी गेले. सवयच तशी. स्टँडपाशी उभी राहिले. फरशी गार होती. तळवे मात्र भाजत होते. काचेतून मुलगी दिसत होती. मान खाली, फॉर्म भरते आहे. कोणी धाक दाखवला नव्हता. कोणी गूळ दिला नव्हता.

बाळानं माझा कान ओढला. मी परत आत गेले.

मुलीच्या खांद्यावरून फॉर्म वाचला. दहावी झालेली आहे मी. "घरात बोलली जाणारी भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी." खाली, "बाळाला नेणारी व्यक्ती : कामवाल्या मावशी."

"पेन दे," मी म्हणाले.

"बस ना बाहेर," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

मी पेन तिच्या बोटांतून काढून घेतलं. भाषेच्या रकान्यात आधी आमची तांड्यातली भाषा लिहिली : गोर बोली. खालची ओळ खोडली.

मॅडम म्हणाल्या, "अहो मावशी, फॉर्म खराब होईल."

"मावशी नाही मी. मी हिची याडी. याची नानी."

मुलीचा चेहरा उतरला. मॅडम मात्र हसल्या. त्यांना हसायचं शिक्षण असावं. म्हणाल्या, "अगं बाई, मग आधी सांगायचं ना! आजी घरी असताना पाळणाघर कशाला?"

"आजी कामाला जाते," मी म्हणाले.

मग त्या मुलीकडं वळल्या. आवाज खाली. "आमच्याकडं कसे पालक येतात ते तुम्ही पाहिलंय. मुलं ऐकतात तेच बोलतात. इथं बाळाशी मराठीतच बोललं तर बरं. आणि आजी बाजूच्या गेटनं न्यायला आल्या तर... तुम्हाला चालेल ना?"

मुलीनं मान खाली घातली. ती मान मी ओळखते. ती माझीच मान आहे.

"नाही चालणार," मी म्हणाले. "मी समोरच्या दारानं येईन. माझ्या भाषेत हाक मारीन. जागा द्यायची तर अशी द्या. नसंल द्यायची तर काहून देत नाही ते याच कागदावर लिहून द्या."

मॅडमनी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. "सोमवारी सकाळी कळवते."

ऑटोत बसलो. अर्ध्या रस्त्यात मुलगी एकदम सुरू झाली. "तुले काय गरज होती? हां? कोणं विचारलं होतं तुले? पंधरा दिवसांनी एक जागा सापडली. परवा मी कामावर नाही गेली त घर तू चालवशीन?"

मी तिला फाटकाचं सांगायला लागले. ते ऊन, ती बाटली. पहिल्यांदाच. दोन वाक्यं झाली असतील.

"मले आठवते," ती म्हणाली.

"काय आठवते?"

"तू कडी लावली ते."

ऑटोवाला आरशातून पाहत होता. पाहू दे म्हटलं.

मुलगी बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. म्हणाली, "मले वाटलं असंच असते. आत जाचं असंन त तू मावशी होते. तुनंच त शिकवलं. आज मी चुकली नाही ना?"

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती तिला द्यावी लागली असती. तेवढंही ओझं तिच्यावर नको.

आज रविवार. ती माझ्याशी बोलत नाही. कामाचा पांढरा कोट मात्र धुऊन वाळत घातलाय. उद्या बरोबर येते की नाही, सांगितलेलं नाही. वसतिगृहात मी निरोप दिलाय, उशिरा येईन.

मॅडमच्या फोनची वाट पाहणार नाही. सकाळी साडेआठला बाळाला कडेवर घेऊन जाईन. समोरच्या फाटकाशी. बंद असेल तर वाजवीन. नाही उघडलं तर पुन्हा वाजवीन. बाजूच्या गेटकडं बोट दाखवलं तरी तिथून हलणार नाही. पालक येतील, गाड्या थांबतील, थांबू देत. आतून कोणी विचारलं, कोणाचं आहे हे मूल, तर बावीस वर्षांपूर्वी जे सांगायचं होतं ते सगळ्यांपुढं सांगीन.

मुलगी माझी. बाळ तिचं. उघडा.